नांगराचे अकरा तास

चंपतराव ठवकरांच्या नांगराचा तास बघून शाळेच्या भिंतीची दोरी लावावी, असं आमच्या सावरखेडीत थट्टेने म्हणतात. चंपतराव ती थट्टा प्रशस्तिपत्रासारखी स्वीकारतात. तास म्हणजे नांगराने ओढलेली रेघ. सत्तरी उलटली, तरी त्यांचा तास या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापासून बांधापर्यंत, केसभर हलत नाही. गावात आता बैलजोड्या उरल्या तीन. त्यातली एक त्यांची, आणि ती ते शेतीसाठी कमी अन् ट्रॅक्टरवाल्यांना खिजवण्यासाठी जास्त पाळतात, असा माझा अंदाज आहे.

माझी पिठाची चक्की मौद्याच्या रस्त्याला, त्यांच्या दोन एकरांच्या अगदी समोर. दळण पडत असलं की माणसाला बघण्यावाचून दुसरं काम नसतं, आणि मला नुसतं बघून भागत नाही, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. कोणाचं दळण कधी दुप्पट झालं आणि कोणाच्या गव्हात तणाचं बी किती निघालं, हे मला त्या घराच्या आधी ठाऊक असतं.

गेल्या कार्तिकात याच चक्कीवर प्रकरण पेटलं. धान कापून झालं होतं. चंपतरावांची सून मयुरा दळणाचा डबा घेऊन आली आणि डबा खाली ठेवता ठेवता म्हणाली, की यंदा गहू न नांगरताच पेरायचा. बाजूच्या गावातल्या शेतकरी गटाने एक पेरणीयंत्र आणलं आहे, सगळे त्याला झिरो मशीन म्हणतात. धानाच्या धसकटातूनच ते जमिनीला बारीक चीर पाडतं, चिरेत बी अन् खत सोडतं, आणि पुढे जातं. नांगर नाही, रोटावेटर नाही.

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. आदल्या वर्षी बियाण्याचं पोतं धुऱ्याजवळ फाटलं आणि ओंजळभर गहू न नांगरलेल्या जागेत सांडला. पेरणी त्यानंतर पंधरा दिवसांनी झाली. सांडलेला गहू मात्र आधीच उगवून बसला, आधी निसवला, आणि त्या जागेत तिला खुरपंसुद्धा लावावं लागलं नाही. तिने ते लक्षात ठेवलं. लक्षात ठेवणाऱ्या बाईला मी जरा वचकूनच असतो.

आमच्याकडची अडचण जुनी आहे. धानासाठी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखल करतात, माती लोण्यासारखी होते. धान निघालं की तीच माती वाळून विटेसारखी बसते. नांगरली तर डोक्याएवढी ढेकळं निघतात. ती फोडायला रोटावेटर दोनदा फिरवायचा, तोही वापसा आल्यावर, ओल कामाजोगी उतरल्यावर, म्हणजे दोन-अडीच आठवडे हात बांधून बसायचं. गहू पडतो डिसेंबरात, आणि दाणा भरायच्या वेळेला मार्चचं ऊन डोक्यावर येतं. हे सगळ्यांना कळतं. तरी सगळे नांगरतात, कारण न नांगरलेलं वावर म्हणजे न विंचरलेलं डोकं. लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणतील ते तिथेच कळलं. बाबाराव बाकड्यावर बसले होते. ट्रॅक्टर त्यांचा, रोटावेटर त्यांचा, आणि मयुराच्या दोन एकरांना लागून वावरही त्यांचंच. ते दोन एकर ठेक्याने मिळावेत म्हणून गडी दोन वर्षं चंपतरावांच्या मागे होता.

"न नांगरता गहू," ते म्हणाले. "पुढच्या सालाले न पेरता बी येईन मंग."

मयुरा म्हणाली, "आला तं तुमाले बी देईन, भाऊजी. पोते घेऊन ठेवा."

चक्कीवर हशा झाला. नेमके त्याच वेळी चंपतराव आत आले. बाबारावांनी त्यांना विचारलं, की काकाजी, तुमच्यासारख्या नांगऱ्याच्या घरी ही पाळी काहून आली. चंपतराव अडकले. सुनेला चारचौघांत नाही म्हणवत नव्हतं, आणि बाबारावांसमोर तिच्या बाजूने बोलवतही नव्हतं. अशा वेळी माणूस शहाणपणाचं काही बोलत नाही, मोठं काहीतरी बोलतो. चंपतराव म्हणाले, की गहू तिच्याच म्हणण्याने होईल. मात्र एकरी बाबारावपेक्षा कमी पिकला, तर गुढीपाडव्यापासून तीन वर्षं दोन्ही एकर बाबारावच्या ठेक्याला. शब्द दिला.

बाबारावांनी लगेच दोघांना साक्षीला धरलं. त्यातला एक मी.

मयुराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिच्यासाठी हा गव्हाचा प्रश्न नव्हता. नवरा जितेंद्र नागपूरला इतवारीत एका धान्याच्या आडतीवर काट्यावर असतो, रविवारी घरी येतो. वावर ठेक्याने गेलं, तर तूही नागपूरला ये, हे त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. लग्नानंतर चार महिने ती त्याच्या तिथल्या खोलीत राहून आली होती. खिडकी उघडली की समोरच्या गोदामाची भिंत. परत आली तेव्हा तिने सासऱ्याला एवढंच सांगितलं होतं, की मले वावर पाहिजे. त्या दिवशी पीठ घेऊन जाताना ती मला म्हणाली, "मुकुंदभाऊ, तारीख ध्यानात ठेवजा. पेरणी सोळा नोव्हेंबर." मी ठेवली.

पंधराला ती बियाणं आणायला नागपूरला गेली. सकाळी अकराच्या सुमारास चंपतराव बैलजोडी घेऊन वावरात उतरले.

ठवकरांच्या घराण्यात एक रीत आहे. रब्बीचं बी पडण्याआधी घरच्या मोठ्या माणसाने नांगराला हळदकुंकू लावून पाच तास घ्यायचे. नांगर न लागता बी टाकणं म्हणजे न बोलावता कोणाच्या पंगतीत बसणं, असं ते मानतात. सुनेला शब्द दिला होता, पण मातीला काय सांगायचं? म्हणून म्हाताऱ्याने तोड काढली. रस्त्याच्या कडेने पाच तास घ्यायचे आणि झाकून टाकायचे.

मी चक्कीतून मोजत होतो. एक, दोन, तीन. बैल ओल्या मातीत फुसफुसत होते. पाचवा तास झाला, चंपतरावांनी मागे वळून बघितलं, आणि तिथेच घोटाळा झाला. रेघा इतक्या देखण्या आल्या होत्या, की माणसाला थांबवेना. सहावा झाला, सातवा झाला. अकराव्याला बैलांनीच मान टाकली, नाहीतर दोन्ही एकर उलथले असते. मग त्यांनी फळी फिरवून ढेकळं दाबली, वरून धानाचं तणस, म्हणजे पेंढा, पसरलं, आणि पाणी प्यायला माझ्याकडे आले.

"तू काही पाहिलं नाही, मुकुंदा."

"मी दळण पाहून राहिलो होतो, काकाजी."

दुसऱ्या दिवशी मशीन आलं आणि त्या तणसावरून सरळ निघून गेलं. मयुराला काही कळलं नाही.

बाबारावांच्या वावरात ट्रॅक्टर फिरत होता तेव्हा मयुराचा गहू बोटभर झाला होता. बाबारावांची पेरणी तीन डिसेंबरला झाली. त्यांचं वावर बाकी दिसायला सुरेख होतं, चाळणीने चाळल्यासारखी माती. हिच्याकडे मात्र धसकटं, तणस, आणि मधून हिरव्या काड्या. येणारेजाणारे मान हलवत होते. एकाने मला विचारलं, की ठवकरांकडे कोणी आजारी आहे का.

मग नाताळाच्या आसपास एक गंमत दिसू लागली. आतल्या सगळ्या वावरात गहू स्वच्छ होता. रस्त्याच्या कडेला मात्र सहा-सात हात रुंदीचा एक पट्टा तणाने भरून आला. चाकवत, गवत, काय हवं ते. गहू त्यात पातळ, कुठे खोल पडलेला, कुठे उघडा. आणि पट्टा असा सरळ, की दोन्ही बाजूंनी कोणी दोरी धरून तण पेरलं असावं.

निंदणाला कांताबाई आली. वीस वर्षं ती आमच्या गावच्या बायांची टोळी घेऊन निंदते, आणि तणाशी तिची ओळख काही नातेवाइकांपेक्षा पक्की आहे. तिने टोपलं उपडं घातलं आणि त्याच्याखालची तणाची रोपं मोजली. मला मोजणाऱ्यांबद्दल आदर आहे, म्हणून चक्की बंद करून मीही जाऊन उभा राहिलो. पट्ट्यात एका टोपल्याखाली एकतीस, आतल्या वावरात चार. तिने जागा बदलून तीनदा घातलं, आकडा फारसा हलला नाही.

"खालचं बी वर आलं हे," कांताबाई म्हणाली. "दाबलेलं तण कोणी उलथलं का मंग ते उठून बसते. इथं नांगर फिरला वं मयुरा. अन् फिरवणारा सरळ हाताचा हाय."

मयुरा पट्ट्याच्या एका टोकाला जाऊन बसली आणि डोळा बारीक करून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग तिने घराकडे बघितलं. चंपतराव ओसरीवर बैलाची वेसण वळत होते, आणि त्या कामात त्यांचं लक्ष जरा जास्तच होतं.

"राहू दे, कांताबाई," ती म्हणाली. "कोणाजवळ काढू नको."

त्यांनी पट्टा निंदला. कालव्याचं पाणी दिलं, पुन्हा तण हजर. परत निंदला. आतल्या वावरात तण नव्हतंच असं नाही. हरळी धुऱ्याकडून आत सरकत होती, कारण हरळीला नांगर नसला की रान मोकळं मिळतं, आणि मयुराने दोन दिवस खुरप्याने मुळ्या खणून काढल्या. ते ती कोणापासून लपवत नव्हती. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचा तो फक्त पट्टा. मौद्याच्या बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिला आणि प्रत्येकाने तोच हिशेब केला: नांगरलं नाही, म्हणून तण माजलं. बाबारावांनी तर चक्कीवर जाहीर विचारलं, की बाई, गहू पेरला का भाजी?

मयुरा म्हणाली, "दोन्ही हाय. जुडी पाहिजे का?"

तोंड तिचं तिखटच आहे, पण खरी गोष्ट तिने त्या तोंडातून बाहेर पडू दिली नाही. माझ्या जिभेला रोज खाज सुटायची. एकदा मी तिला म्हटलंही, की सांगून टाक ना. ती म्हणाली, की मामाजींनी पन्नास वर्षांत कमावलं ते नाव त्या नांगराचंच आहे, ते मी बाजाराच्या रस्त्यावर कसं मांडू. एवढं बोलून पीठ घेऊन गेली. चंपतरावांनी मात्र रस्त्याने येणं बंद केलं. कालव्याच्या बाजूने, अर्धा किलोमीटर फेरा घालून जायचे. सत्तरीच्या गुडघ्यांना तो फेरा किती पडत असेल, ते मी मोजलं नाही.

मार्च आला. मयुराचा गहू आठ दिवस आधी पिकला, पण बाबारावांचा होईपर्यंत तिने कापणी थांबवली. पाडव्याच्या चार दिवस आधी माप ठरलं. रीत पीककापणीचीच: सहा हात रुंद, वीस हात लांब जागेला खुंट्या ठोकायच्या, तेवढाच गहू कापायचा, तिथेच झोडायचा, आणि माझ्या काट्यावर तोलायचा. फसवाफसवी नको म्हणून मयुराच्या वावरातली जागा बाबारावांनी निवडायची आणि त्यांच्या वावरातली मयुराने.

वीस-पंचवीस माणसं जमली. मयुरा बाबारावांच्या वावरात गेली आणि मधोमध, जिथे गहू ना फार दाट ना फार पातळ, तिथे बोट दाखवलं. कोपऱ्यात पाणी साचून पिवळी पडलेली जागा होती, ती तिने धरली असती तरी कोणी बोललं नसतं. तिथला गहू सव्वासहा किलो भरला. एकरी दहा क्विंटल पडतो. वाईट नाही.

मग बाबाराव हिच्या वावराकडे आले. धूर्त माणूस. आत नजर टाकली, पिवळ्याधमक ओंब्या बघितल्या, आणि पाय आत टाकलाच नाही. रस्त्याच्या कडेला, पट्ट्याच्या बरोबर मध्यावर त्यांनी खुंटी ठोकली. सहा हातांची रुंदी त्या पट्ट्यात अशी बसली, जणू त्याच मापाचा शिवला होता.

"इथं," ते म्हणाले. "सगळ्यायले दिसते अशी जागा हाय. मंग कोणी बोलायले नको."

कांताबाईने मयुराकडे बघितलं. मी मयुराकडे बघितलं. त्या पट्ट्यात चार-साडेचार किलोच्या वर गहू निघणार नाही, हे तिघांना कळत होतं. एक वाक्य बोलली असती, तर वावर वाचलं असतं. तिने पदर खोचला, विळा उचलला, आणि पट्ट्यात उतरली.

"थांब पोरी."

चंपतराव कालव्याच्या बाजूने नाही, रस्त्यावरून आले होते. ते सरळ पट्ट्यात गेले आणि बाबारावांनी ठोकलेली खुंटी त्यांनी उपटली.

"बाबाराव, तुले तिच्या वावरातली जागा निवडायची होती. हे तिचं नाही. हे माझं हाय."

बाबाराव म्हणाले, की काकाजी, आता आयत्या वेळेवर हे काय काढता.

"ती बी आणाले नागपूरले गेली होती. मी जोडी घातली. पाच तासाची रीत हाय आमच्या घरची. पाच म्हणून घातले अन् अकरा झाले. वरून तणस टाकलं. एवढ्या जागेत नांगर लागला, अन् एवढ्याच जागेत तण आलं. बाकी वावरात नांगर नाही, अन् तण बी नाही."

कोणीतरी मागून विचारलं, याला पुरावा काय. मी तोंड उघडलं होतं, पण चंपतरावांनी हाताने मला गप्प केलं. त्यांनी त्या पट्ट्याकडे बोट केलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मान ताठ करून विचारलं:

"एवढं सरळ तण या तालुक्यात दुसऱ्या कोणाच्या हातून उगवते का, सांगा."

आधी कांताबाई हसली. मग सगळे हसले, बाबारावही. ते हसणं कोणाला खाली ओढणारं नव्हतं. पन्नास वर्षांचं नाव म्हाताऱ्याने भर रस्त्यात उतरवून ठेवलं होतं, आणि ठेवतानासुद्धा ते सरळच ठेवलं होतं. मयुरा खाली बघत होती, विळा हातात तसाच.

बाबारावांचा एक गुण सांगायला हवा. खुंट्या त्यांनी स्वतः उचलल्या, आत गेले, आणि या वेळेला त्यांनी मधली जागा धरली, जशी तिने त्यांच्याकडे धरली होती. गहू कापला, झोडला, उपणला. चंपतराव हट्टाला पेटले, की पट्ट्यातलाही तेवढाच कापा, माझं माप बी होऊन जाऊ द्या. म्हणून तोही कापला.

पट्ट्यातला निघाला साडेचार किलो. आतला सहा किलो नऊशे ग्रॅम. एकरी अकरा क्विंटलच्या जरा वर. मी काटा दोनदा शून्यावर आणून पुन्हा तोललं, कारण असल्या दिवशी माझ्या काट्यावर संशय आलेला मला चालत नाही. आकडा तोच. चंपतरावांनी तो मोठ्याने वाचायला लावला, आणि नीट ऐकू आला असतानाही आणखी एकदा वाचायला लावला.

ठेक्याचा विषय तिथेच मिटला. जितेंद्र रविवारी आला. बापाने त्याला वावराच्या धुऱ्यावर उभं करून सगळी हकीकत सांगितली, आणि त्यात स्वतःची चूक इतक्या थाटात सांगितली, की ती त्यांनी मुद्दाम प्रयोगासाठी केली असावी असं ऐकणाऱ्याला वाटावं. मी चक्कीतून ऐकत होतो. दुरुस्ती केली नाही. खोलीचा विषय जितेंद्रने काढलाच नाही. जाताना नव्या गव्हाचं दहा किलो पीठ तेवढं घेऊन गेला.

मयुराने मात्र हिशेब पुरा ठेवला. हरळी पुढच्या वर्षी आणखी वाढेल, तिला आधीच खणावं लागेल, आणि हे न नांगरण्याचंच देणं आहे, असं तिने चक्कीवर स्वतः सांगितलं. तेव्हा चंपतरावांनी जरा भीतभीतच विचारलं, की मग धानाचं काय, आता बांधीत चिखलही करायचा नाही का.

"धानाले चिखल पाहिजेच, मामाजी," ती म्हणाली. "चिखल नाही तं पानी थांबत नाही, अन् पानी नाही थांबलं तं तण धानाच्या डोक्यावर बसते. तिथं तुमचे बैल लागतीनच. गव्हाले फक्त हात लावू नका."

म्हाताऱ्याने ही वाटणी लगेच कबूल केली. त्या दिवसापासून ते रस्त्यानेच येतात, आणि वावरासमोर थांबून येणाऱ्याजाणाऱ्याला एकरी आकडा ऐकवतात. पहिल्या आठवड्यात तो अकरा क्विंटल होता. परवा तो साडेबारा झाला होता. मी खोकलो, तसे पुन्हा अकरावर आले.

पाडवा होऊन पाचेक दिवस झाले असतील, बाबाराव चक्कीवर आले. दळण नव्हतं. इकडचं तिकडचं बोलले, उन्हाबद्दल बोलले, डिझेलबद्दल बोलले. चंपतराव बाकड्यावर बसले होते. शेवटी बाबारावांनी विचारलं, की काकाजी, ते मशीन यंदा नोव्हेंबरात आपल्या गावात येईल काय, म्हणजे एकाच एकराला, करून पाहायला.

चंपतरावांना उत्तर ठाऊक होतं. गटाचा फोन नंबरसुद्धा त्यांच्या खिशात होता, मीच लिहून दिला होता. पण ते आरामात मागे टेकले आणि समोरच्या वावराकडे हात केला. मयुरा तिथे धुऱ्यावर बसून हरळी खणत होती.

"मले काय इचारतं गा," ते म्हणाले. "तिले जाऊन इचार. वावर तिचं हाय."

बाबाराव रस्ता ओलांडून गेले, आणि धुऱ्याशी पोचल्यावर आत पाय टाकण्याआधी त्यांनी चपला काढल्या.